पहिली कॅरिबियन क्रूझ: गोव्याहून निघताना बंदरे कशी निवडावीत

पणजी 15.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि डॉमिनिका बेटाची राजधानी रोझो जवळपास त्याच रेषेवर. म्हणजे माड, दमट हवा, पावसाळी हिरवळ आणि दुपारी पाय भाजणारी वाळू बघायला गोव्यातल्या माणसाने अर्धी पृथ्वी ओलांडायचे कारण नाही. क्रूझ कंपन्यांच्या जाहिराती मात्र नेमके तेच विकतात, कारण त्या थंडीला कंटाळलेल्या अमेरिकनांसाठी केलेल्या असतात. त्यांच्याच यादीवर बोट ठेवून बंदरे निवडली की आठवडाभरात चार वेळा कळंगुट बघून परत येणे होते, तेही डॉलर मोजून.

म्हणून पहिली चाळणी अशी लावा: मांडवी-झुवारीच्या काठी जे मिळत नाही, ते या बंदरात आहे का? नितळ पाणी हे त्यात सगळ्यात वर. आपल्या किनाऱ्यावर नद्या गाळ आणून ओततात, त्यामुळे ग्रँड आयलंडजवळ चांगल्या दिवशीही पाण्याखाली काही मीटरच दिसते. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ वीस-तीस मीटरपर्यंत दिसते. त्याखालोखाल प्रवाळ, माया लोकांचे दगडी अवशेष, ज्वालामुखीचे डोंगर, आणि डच किंवा स्पॅनिश वळणाची जुनी शहरे. पोर्तुगीज वळण आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे, ही शहरे त्याहून वेगळी.

आधी कागद, मग नकाशा

बहुतेक जहाजे फ्लोरिडातल्या मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरलहून सुटतात आणि तिथेच परततात. भारतीय पासपोर्टवर यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि तो एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा. जहाज परतते तेव्हा तुम्ही अमेरिकेत दुसऱ्यांदा शिरत असता, हे विसरल्याने घोटाळे होतात. मुलाखतीची तारीख मिळायला काही वेळा महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे भरू नका. घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांचे) असेल तर त्यांना व्हिसाऐवजी ऑनलाइन एस्टा परवानगी पुरते. पण एकाच कुटुंबात दोन प्रकारचे पासपोर्ट असले, तर प्रत्येक बंदराचा नियम प्रत्येकासाठी वेगळा तपासावा लागतो.

बंदरांचे म्हणाल तर, वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. जमैका, बार्बाडोस, डॉमिनिका आणि ग्रेनाडा इथे भारतीय पर्यटकाला व्हिसाविना उतरता येते. खरी मेख फ्रेंच बेटांची आहे. मार्टिनिक आणि ग्वादलूप फ्रान्सचेच भाग, पण साधा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. मार्गात यांपैकी एखादे असेल तर भारतीय पासपोर्टवर काय लागते हे क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी ‘हो, चालते’वर जाऊ नका, कागद अपुरा निघाला तर जहाजावर चढूच देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

अमेरिकेचा व्हिसा नाहीच, असे असेल तर एक आडवाट आहे. काही जहाजे बार्बाडोसच्या ब्रिजटाउनहून सुटतात आणि दक्षिणेची बेटे फिरून तिथेच येतात. युरोपमार्गे थेट तिथे पोहोचता येते. दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतात: वाटेतल्या युरोपीय विमानतळाचा ट्रान्झिटचा नियम, आणि मार्गात सान हुआन किंवा सेंट थॉमस नाही ना. ही दोन्ही अमेरिकेच्या ताब्यातली आहेत.

आता पीतज्वराची (यलो फीव्हर) लस. ही बाब परदेशी मार्गदर्शनात सापडत नाही, कारण ती आपल्याच सरकारच्या नियमामुळे येते. त्रिनिदाद, कोलंबियातील कार्ताहेना किंवा पनामातील कोलोन हे बंदर मार्गात असेल, तर हे देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत मोडतात. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राविना भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि ते जन्मभर चालते. ओळखीत कुणी तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) असेल तर त्याच्याकडे ते पिवळे पुस्तक नक्की असणार, विचारून बघा. साठीपुढच्या माणसांनी ही लस डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. त्यांच्यासाठी ही बंदरे वगळलेलीच बरी. त्रिनिदाद वगळताना थोडे वाईट वाटेल खरे. 1845 मध्ये भारतातून पहिले गिरमिटिये (करारावरचे मजूर) तिथे उतरले, आणि रोटी, चणे, फगवा (होळी) हे सगळे तिथे अजून जिवंत आहे. पण पहिल्या फेरीत तो मोह टाळता येतो.

तीन मार्ग

पश्चिम मार्गात कोझुमेल, कोस्टा माया, बेलीझ, होंडुरासचे रोआतान, ग्रँड केमन आणि जमैका येतात. पूर्व मार्गात सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन, डॉमिनिकन रिपब्लिकमधले प्वेर्तो प्लाता आणि बहामाज. दक्षिण मार्गात अरुबा, कुरसाव, बोनेर, बार्बाडोस, सेंट लुसिया, ग्रेनाडा, डॉमिनिका. पाण्याखालचे जग आणि माया अवशेष हवेत तर पश्चिम, जुनी शहरे आणि किल्ले हवेत तर पूर्व, डोंगर आणि गावपण हवे तर दक्षिण. फ्लोरिडाहून दक्षिणेला पोहोचायलाच जाताना-येताना प्रत्येकी दोनेक दिवस समुद्रात जातात, म्हणून सात रात्रींत दक्षिण मार्ग करायचा तर जहाज सान हुआन किंवा ब्रिजटाउनहून सुटणारे बघा.

तीन-चार रात्रींच्या प्रत्येक फेरीत नासाऊ का असते, असा प्रश्न पडेल. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून निघून तिथेच परतायचे असेल तर मध्ये एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. तो कायदा 1886 चा आहे आणि बहामाजची राजधानी नासाऊ फ्लोरिडाच्या जवळ. म्हणजे तुमच्या आवडीपेक्षा कायद्याची सोय म्हणून ते यादीत बसलेले असते. त्याला एक दिवस द्या, त्याच्यासाठी क्रूझ निवडू नका.

मोपा किंवा दाबोळीहून मायामीपर्यंत, विमाने बदलत, चोवीस तास सहज लागतात. घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे जाते. म्हणून जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस, जमल्यास दोन दिवस आधी पोहोचा, आणि असा मार्ग बघा ज्याचा दुसरा दिवस समुद्रातच आहे. झोपेचे गणित त्या दिवशी जुळते. दुसऱ्याच सकाळी आठला कुठे उतरायचे असेल, तर ते बंदर पेंगतच पार पडते.

वेळापत्रक कसे वाचावे

छापील वेळ ‘सकाळी 8 ते संध्याकाळी 5’ असेल तर ते नऊ तास तुमचे नसतात. जहाजाला उतरण्याची परवानगी मिळणे, लिफ्टची रांग, धक्क्यावरून चालत बाहेर येणे यात पाऊण तास जातो. परत चढण्याची शेवटची वेळ सहसा सुटण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे साडेचार. त्यात स्वतःची एक तासाची राखीव वेळ धरा. हातात राहिले पावणेनऊ ते साडेतीन, पावणेसात तास. यातला एक तृतीयांशाहून जास्त वेळ येण्याजाण्यात जाणार असेल तर ती सहल त्या बंदराची नव्हे.

कोझुमेलहून तुलुमचे अवशेष हे याचे नमुनेदार उदाहरण. फोटो सुंदर असतात, पण आधी प्लाया देल कार्मेनपर्यंत फेरी, सुमारे पाऊण तास. मग साठेक किलोमीटर रस्ता. परत येताना पुन्हा तेच, वर रांगा. जाऊन-येऊन पाच तास वाटेत. त्यापेक्षा कोझुमेल बेटावरच सान हर्वासियो हे इश्चेल देवीचे माया ठिकाण आहे. तुलुमइतके भव्य नाही, पण टॅक्सीने अर्ध्या तासात पोहोचता आणि उरलेला दिवस पाण्यात घालवता येतो. माया अवशेष हाच तुमचा मुख्य हेतू असेल तर कोस्टा मायाहून चाकचोबेन हे जास्त चांगले जमते, तासाभराच्या अंतरावर.

दुसरी गोची घड्याळाची. जहाज ‘जहाजाच्या वेळे’वर चालते, बेट आपल्या वेळेवर. कोझुमेल, ग्रँड केमन आणि जमैका वर्षभर एकच वेळ ठेवतात, फ्लोरिडा उन्हाळ्यात तास पुढे करते. त्यामुळे उन्हाळ्यात पश्चिमेला तासाचा फरक पडतो. पूर्वेकडच्या बेटांवर हाच फरक हिवाळ्यात पडतो, उलट दिशेने. मोबाइल किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ उचलतो आणि माणसे तासभर उशिरा धक्क्यावर येतात. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि ते कुठेही बदलू नका.

धक्का की छोटी बोट

जुन्या मुंबई-पणजी बोटीच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल: बोट लांब उभी राहायची आणि प्रवासी पडावातून किनारी जायचे. ग्रँड केमनचे जॉर्ज टाउन आणि बेलीझ सिटी इथे आजही तोच प्रकार आहे. जहाज बाहेर नांगरून राहते आणि ‘टेंडर’ नावाच्या छोट्या बोटीतून ने-आण होते. ग्रँड केमनमध्ये धक्का बांधावा का यावर 2025 च्या एप्रिलमध्ये सार्वमत झाले आणि लोकांनी नको म्हटले, म्हणजे तिथे हे असेच चालणार. बेलीझमध्ये किनाऱ्याजवळ पाणी उथळ, त्यामुळे टेंडरलाच वीस ते तीस मिनिटे लागतात.

याचे परिणाम तीन. सकाळी टेंडरच्या तिकिटासाठी रांग लागते आणि तास-दीड तास जातो (जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी सोडतात). गुडघेदुखी असलेल्यांना हलत्या बोटीत पाय टाकणे अवघड पडते, चाकाच्या खुर्चीला तर बऱ्याचदा नाहीच म्हणतात. आणि समुद्र खवळला की बंदरच रद्द होते. हिवाळ्यात वायव्येची लाट आली तर जॉर्ज टाउनऐवजी दक्षिणेच्या स्पॉट्सला उतरवतात, तेही न जमल्यास जहाज पुढे निघून जाते. ज्येष्ठ माणसे बरोबर असतील तर एका फेरीत टेंडरचे जास्तीत जास्त एक बंदर ठेवा. दोन असतील तर दुसरा मार्ग शोधा.

बंदरे, एकेक करून

कोझुमेल पहिल्या फेरीत असावेच. जहाजे बेटाच्या पश्चिम बाजूला लागतात, तिथे पाणी शांत. तीन धक्के आहेत: पुंता लांगोस्ता गावातच, बाकीचे दोन गावाच्या दक्षिणेला चारेक किलोमीटरवर. आपले जहाज कोणत्या धक्क्याला लागणार हे आदल्या रात्री बघून ठेवा, टॅक्सीचा हिशोब त्यावर ठरतो. पालांकारचा प्रवाळ इथलाच. चिकू मूळचा याच प्रदेशातला. घोलवडवाल्यांना सांगू नका.

ग्रँड केमनची ओळख म्हणजे उथळ वाळूपट्ट्यावर पाकट माशांमध्ये (स्टिंगरे) उभे राहणे. पाणी कमरेइतके, त्यामुळे पोहता न येणाऱ्यालाही जमते. शेपटीच्या काट्याला घाबरायचे नसेल तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला, किनाऱ्यावरून जाळे ओढणारे आपले रापणकार करतात तसे. टेंडर, बस आणि बोट धरून चार तास बाजूला ठेवा. तिथला डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे: अधिकृत दर 1.20, दुकानात बहुधा 1.25. मेनूवर 16 लिहिले असेल तर बिल 20 चे, हे ध्यानात ठेवून मागवा.

सान हुआन हे चालत बघायचे शहर. जुन्या शहराच्या धक्क्याला जहाज लागले की समोरच दगडी गल्ल्या. एल मोरो किल्ल्याचे बांधकाम 1539 मध्ये सुरू झाले, आपल्या आग्वादच्या सत्तरेक वर्षे आधी, आणि आकाराने तो वेगळ्याच तोलामोलाचा आहे. अट एकच: बऱ्याच फेऱ्यांत हे बंदर दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी येते आणि तोवर किल्ला बंद होतो. वेळापत्रकात इथली वेळ सकाळची नसेल तर सान हुआनसाठी म्हणून तो मार्ग घेऊ नका.

सेंट थॉमसला दोन धक्के आहेत, हॅवनसाइट आणि क्राउन बे. प्रसिद्ध मेगन्स बे हा किनारा चांगला आहे, पण पाळोळे पाहिलेल्याला त्यात अप्रूप वाटणार नाही. त्याऐवजी रेड हुकहून फेरीने शेजारच्या सेंट जॉनला जा, वीस मिनिटे लागतात. तिथले बरेचसे बेट राष्ट्रीय उद्यान आहे आणि ट्रंक बेला पाण्याखाली आखलेली वाट आहे. टॅक्सीचे दर माणशी असतात, गाडीचे नव्हे. बसण्याआधी विचारा. ऑक्सिबेन्झोन असलेले सनस्क्रीन इथे 2020 पासून बंद आहे.

सेंट मार्टिनमध्ये डोक्यावरून विमाने जाणारा माहो किनारा सगळ्यांना बघायचा असतो. बघा, पण परतीला सिम्पसन बेचा पूल बोटींसाठी उघडला की रस्ता तुंबतो आणि जहाज चुकवणाऱ्यांत इथे अडकलेले प्रवासी बरेच असतात. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांच्या अनेक दुकानांत सिंधी मालक भेटतील. हिंदीत घासाघीस करता येते, मात्र त्याने स्वस्त मिळेलच असे नाही.

बार्बाडोस. इथे क्रिकेटवेड्याला समजावण्याची गरज नाही: 29 जून 2024 रोजी भारताने टी-20 विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल मैदान बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नंतर कार्लाइल बेमध्ये कासवे आणि बुडालेल्या बोटींवर पोहणे. एकाच दिवसात दोन्ही होते, हीच या बंदराची खुबी.

सेंट लुसियाचे पिटन्स हे दोन सुळके जहाजातूनही दिसतात, पण कास्त्रीसहून रस्त्याने तिथे जायचे तर वळणावळणाचा दीड तास, चोर्ला घाटात पोट ढवळणाऱ्यांनी विचार करावा. बोटीने गेलेले बरे. डॉमिनिकाला ट्राफल्गार धबधबा आणि गरम पाण्याचे झरे आहेत. धबधबा म्हणून दूधसागरपुढे तो किरकोळ, पण ज्वालामुखीची वाफ आणि गंधकाचा वास इथे अनुभवता येतो. कुरसावचे विलेमस्टाड हे डच रंगीत शहर आणि त्याचा 1888 चा तरंगता पूल पाहण्याजोगे, आणि बहुतेक सगळे धक्क्यावरून पायी. बोनेर फक्त पाण्याखाली जाणाऱ्यांनी घ्यावे. बाकीच्यांना तिथे मिठागरे आणि फ्लेमिंगो, आणि मिठागरे आपल्याकडे आहेत.

जमैकाचे फॅलमथ, कोस्टा माया, प्वेर्तो प्लाताजवळचे अंबर कोव्ह ही बंदरे क्रूझसाठीच बांधलेली आहेत. फाटकाच्या आत सगळीकडे तीच दुकाने. एक चालेल. कंपन्यांची खासगी बेटेही त्यातलीच, पण लहान मुले असतील तर एक दिवस तिथे सुखाचा जातो, कारण जेवण बहुतेक ठिकाणी जहाजाचेच आणि परतीची धास्ती नाही.

सुट्टी आणि समुद्र

वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे आपली चतुर्थी नेमकी त्याच्या ऐन भरात आणि दिवाळी शेपटीला. तिकिटे तेव्हा स्वस्त दिसतात ती यामुळे. जहाज वादळात शिरत नाही, ते मार्ग बदलते, आणि तसा हक्क करारात लिहिलेला असतो. रद्द झालेल्या बंदराचे फक्त शुल्क परत मिळते. एकाच बंदरावर जीव टाकून आरक्षण केलेत तर पस्तावाल. यादीतली निदान दोन बंदरे मनासारखी हवीत. अरुबा, बोनेर, कुरसाव ही बेटे 12 अंशांच्या आसपास, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीसाठी तीच योग्य.

मे महिन्यात वादळे सहसा नसतात, पण सार्गासम असते. 2011 पासून हे तपकिरी समुद्री शेवाळ अटलांटिकमधून ढिगाने येते आणि किनाऱ्यावर कुजले की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. वारा पूर्वेचा, त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेले किनारे भरतात. नकाशावर एवढेच बघा: किनारा पश्चिमेला आहे का? कोझुमेलची धक्क्यांची बाजू, ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच, बार्बाडोसचा पश्चिम किनारा हे बहुधा स्वच्छ असतात. कोस्टा मायाला मे-जूनमध्ये पोहायची आशा ठेवू नका.

आणखी एक काम: त्या दिवशी त्या बंदरात किती जहाजे आहेत ते ऑनलाइन वेळापत्रकात आधीच दिसते. दोन असली तर निवांत, पाच-सहा असली तर डिसेंबरअखेरचा बागा.

सहल कुणाची घ्यावी

लांबची किंवा फेरी बदलावी लागणारी सहल जहाजाकडून घ्या, उशीर झाला तर जहाज थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत सोय करते. जवळची, पायी किंवा टॅक्सीने होणारी स्वतः करा. बहुतेक ठिकाणी ती स्वस्त पडते. उतरताना पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, आणि रोजच्या पत्रकावर छापलेला बंदरातल्या एजंटचा फोन नंबर खिशात हवा. बार्बाडोस, सेंट लुसिया, जमैका अशा बेटांवर लष्करी नक्षीचे कपडे घालणे सामान्य माणसाला बेकायदा आहे, मुलांच्या अर्ध्या चड्ड्या बॅग भरतानाच तपासा.

आजी-आजोबा, दहा वर्षांचे मूल आणि मे महिना असा मेळ असेल तर फोर्ट लॉडरडेल किंवा मायामीहून सात रात्री, दुसरा दिवस समुद्रात, सान हुआन सकाळचे, सेंट थॉमस, सेंट मार्टिन आणि शेवटी खासगी बेट. टेंडर शक्यतो कुठेच नको. दोघेच, पोहणारे आणि जानेवारीची रजा असेल तर पश्चिम मार्ग: कोझुमेल, बेलीझ, रोआतान. आणि ग्रँड केमन यादीत असेल तर ते मिळेलच असे धरून तिथली सहल आगाऊ पैसे भरून बाहेरच्याकडे ठरवू नका. टेंडर रद्द झाल्यास पैसे परत देणाराच निवडा.